हिवाळ्यातील पाणी आणि मासळी

महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी पौषातील एखाद्या निरभ्र रात्रीनंतर गवतावर व नावांच्या फळ्यांवर पांढरे हिमकण साचलेले दिसतात. ते पाहून पुष्कळांच्या मनात असा प्रश्न येतो की, जेथे दव गोठते तेथे ट्राउट हा शीतजलातील मौल्यवान मासा का होऊ नये? प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर शोधू लागले म्हणजे आटपाडी, जत, माण व खटाव या तालुक्यांतील ज्या शेतकऱ्यांनी आपल्या शेततळ्यांत कटला व रोहू सोडले आहेत, त्यांच्या नित्य उपयोगाचा एक नियम हाती लागतो. म्हणून ट्राउटपासून आरंभ करून आपल्या तळ्यांपर्यंत येण्याचे आम्ही योजिले आहे.

ट्राउट इकडे का होत नाही

ट्राउट हा मासा मूळचा हिंदुस्थानातील नव्हे. काश्मिरात तपकिरी ट्राउटची अंडी १९०० सालच्या सुमारास विलायतेहून आणविली गेली व तेथील झऱ्यांच्या पाण्यावर ती उबवली गेली. नीलगिरी पर्वतावर डॉ. फ्रान्सिस डे यांनी १८६३ च्या सुमारास केलेला प्रयत्न फसला. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंद्रधनुषी ट्राउटने तेथे मूळ धरले. आज काश्मीर, हिमाचल प्रदेश, उत्तराखंड, सिक्कीम व अरुणाचल प्रदेश येथे हा मासा पाळला जातो, आणि शीतजलातील मत्स्यसंवर्धनाच्या संशोधनासाठी १९८७ साली स्थापन झालेली मध्यवर्ती संस्था भीमताल येथे आहे.

या माशास सुमारे १० ते १६ अंश सेल्सिअस उष्णतेचे, वाहते व निर्मळ पाणी मानवते. पाणी २० अंशांच्या वर गेले की त्याचे खाणे मंदावते, आणि २५ अंशांच्या आसपास त्याचा जीव धोक्यात येतो. आता वेण्णा तलावाचा विचार करा. सातारच्या राजघराण्यातील आप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली बांधविलेला हा तलाव उथळ आहे. त्याच्या काठी हिमकण पडतात हे खरे. पण ते पडतात गवतावर आणि लाकडावर. निरभ्र व निर्वात रात्री गवताचे पाते आपली उष्णता आकाशाकडे झपाट्याने टाकते, शिवाय आसपासच्या उंचवट्यांवरील जड, थंड हवा त्या सखल भागात उतरून साचते. तलावाचे पाणी मात्र त्याच रात्री गोठत नाही, कारण दिवसभर साठविलेली उष्णता ते फार सावकाश सोडते. उलट एप्रिल व मे या महिन्यांत तेथील हवा ३० अंशांच्या आसपास जाते, तेव्हा तेच उथळ पाणी २० अंशांच्या आत राहणे शक्य नाही. अर्थात् ट्राउटला हिवाळ्यातील चार थंड रात्री पुरत नाहीत. त्याला बारा महिने थंड पाणी लागते. यावरून मुख्य धडा असा मिळतो की, माशाचा विचार करताना हवा किती थंड आहे हे पाहून चालत नाही. पाणी किती थंड आहे, हे पाहावे लागते.

मासा आणि पाण्याची उष्णता

गाय, बैल किंवा मनुष्य यांच्या अंगात स्वतःची ऊब असते. थंडी पडली की आपण अधिक खातो व ती ऊब टिकवतो. मासा तसा नाही. जेवढी पाण्याची उष्णता तेवढीच त्याच्या देहाची. पाणी निवाले की त्याचे रक्त निवते, श्वास मंद होतो, पोटातील पचन मंद होते. साधारण नियम असा की, पाणी १० अंशांनी उतरले की माशाचा देहव्यापार निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. म्हणून थंडीत गुरांना वैरण वाढवावी ही जी आपली सवय, ती मासळीच्या बाबतीत नेमकी उलटी लागू पडते. हिवाळ्यात मासा खात नाही म्हणून पेंड वाढवणारा शेतकरी तळ्याचे दुहेरी नुकसान करतो.

प्रत्येक जातीची मर्यादा निराळी आहे. कटला, रोहू व मृगळ यांची उत्तम वाढ २५ ते ३२ अंशांत होते. २० अंशांखाली ती फारच कमी होते व १५ च्या सुमारास जवळजवळ थांबते. चिलापी मूळची आफ्रिकेतील असल्याने थंडीस अधिकच नाजूक आहे. सुमारे १६ अंशांवर ती खाणे टाकते आणि १० ते १२ अंशांत मरू लागते. याच्या उलट सायप्रिनस व गवत्या हे थंड मुलखातील मासे असल्यामुळे आपल्याकडील कडाक्याच्या थंडीची त्यांना फारशी बाधा होत नाही.

सातारा व सांगली या जिल्ह्यांत डिसेंबर व जानेवारी महिन्यांतील काही रात्री हवा १० ते १२ अंशांपर्यंत उतरते. परंतु दुपारी ती पुन्हा २८ अंशांच्या घरात जात असल्याने भरलेल्या खोल तळ्याचे पाणी सहसा १८ अंशांच्या खाली जात नाही. म्हणजे पाणी पुरते खोल असेल तर केवळ थंडीने आपली मासळी मरू नये. मरते ती उथळ पाण्याने, सडलेल्या खाद्याने व थंडीच्या संधीत शिरणाऱ्या रोगाने. आणि या तिन्ही गोष्टी शेतकऱ्याच्या हातातील आहेत.

पाण्याची खोली

तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद व तीन मीटर खोल असे उतरत्या बाजूंचे शेततळे पूर्ण भरले असता त्यात सुमारे २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर पाणी मावते. एवढे पाणी एका अंशाने निवण्यास सुमारे २२ लाख किलोकॅलरी उष्णता बाहेर जावी लागते. ही उष्णता बहुतांशी पृष्ठभागावरून जाते. सबब सारख्याच पसाऱ्याच्या दोन तळ्यांपैकी एकात तीन मीटर पाणी असेल व दुसऱ्यात एकच मीटर असेल, तर ज्या रात्री पहिले अर्धा अंश निवेल त्याच रात्री दुसरे दीड अंश निवेल. अशा आठ-दहा रात्री लागोपाठ आल्या की पहिल्यातील मासा सुखरूप असतो आणि दुसऱ्यातील आजारी पडतो.

येथेच आपल्या इकडील खरी अडचण आहे. शेततळे हे मासळीसाठी खणलेले नसते. ते डाळिंबासाठी, द्राक्षासाठी, शाळू व हरभऱ्याच्या पाण्यासाठी असते. जसजशी थंडी वाढते तसतसे रब्बीचे पाणी सुरू होऊन तळे उतरत जाते, आणि ऐन पौषात मासळीवर दीड-दोन हात पाणी उरते. पिकाचे पाणी तोडा असे आम्ही सांगत नाही; पीक हेच पहिले. परंतु उपसा कसा होणार हे कार्तिकातच ठरवावे. फेब्रुवारीपर्यंत निदान दीड मीटर पाणी राहणार असेल तरच लहान मासळी तळ्यात ठेवावी. राहणार नसेल तर मोठी मासळी थंडीपूर्वीच काढून विकावी.

ज्यांची विहीर तळ्याजवळ आहे त्यांस एक सोपा उपाय उपलब्ध आहे. हिवाळ्याच्या पहाटे विहिरीचे पाणी कोमट लागते हे प्रत्येकाच्या अनुभवाचे आहे. भूगर्भातील पाण्याची उष्णता वर्षभर फारशी बदलत नाही. कडक थंडीत पहाटे दोन तास हे पाणी तळ्यात सोडल्यास मासळीस उबदार कोपरा मिळतो. मात्र विहिरीच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून पाइपाचे तोंड पाण्यात न बुडवता ते पाणी दगडावर किंवा फळीवर आपटून फुटत पडेल असे करावे.

तळ्याचे उलथणे

थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो. गोड्या पाण्यात ३० अंशांवर लिटरमागे सुमारे ७.६ मिलिग्रॅम, तर २० अंशांवर ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. हा हिवाळ्याचा मोठा लाभ होय. तथापि काही तळ्यांत नेमकी हिवाळ्याच्या पहाटेच मासळी पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागते. याचे कारण असे. पाणी ४ अंशांवर सर्वांत जड असते. बर्फाळ देशांत ४ अंशांचे जड पाणी तळाशी राहते, वर बर्फ तरंगतो, आणि मासा तळाशी हिवाळा काढतो. आपल्याकडे पाणी तेथवर कधीच उतरत नाही. म्हणून रात्री वरचा थर निवला की तो जड होऊन खाली जातो व तळचे पाणी वर येते. तळाशी उन्हाळ्या-पावसाळ्यातील कुजका गाळ व न खाल्लेले खाद्य साचले असेल, तर त्या प्राणवायूहीन व दुर्गंधीयुक्त पाण्याची भेसळ सर्व तळ्यात होते. त्यात आभाळ आले, म्हणजे शेवाळाकडून दिवसा मिळणारा प्राणवायूही कमी पडतो.

असे लक्षण दिसताच खाद्य व शेण तत्काळ बंद करावे, आणि पंपाने तळ्यातीलच पाणी उचलून हवेतून फवाऱ्यासारखे परत पाडावे. सूर्य वर येईपर्यंत हे काम थांबवू नये. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात गाळ पचविणारी माती नसते. तेथे घाण जशीच्या तशी साचते, म्हणून तेथील मालकाने दुप्पट सावध असावे.

खाद्याचे प्रमाण

शेंगदाण्याची पेंड व भाताचा कोंडा हे आपल्याकडील नेहमीचे खाद्य. ते मासळीच्या एकूण वजनाच्या शेकडेवारीने द्यावयाचे असते. पाणी २५ अंशांच्या वर असताना शेकडा २ ते ३. २० ते २५ अंशांत शेकडा १ ते दीड. १६ ते २० अंशांत शेकडा अर्धा ते १. आणि १६ अंशांखाली मुळीच नाही, असे प्रमाण व्यवहारात ठेवावे.

उदाहरण घेऊ. वर सांगितलेल्या तळ्याचा पसारा ०.०९ हेक्टर आहे. हेक्टरी ५,००० या हिशेबाने त्यात ४५० बोटुकली सोडली, ती सर्व जगली, आणि मार्गशीर्षापर्यंत प्रत्येकी ३०० ग्रॅमची झाली असे धरा. एकूण मासळी १३५ किलो झाली. शेकडा २ प्रमाणे रोज २ किलो ७०० ग्रॅम खाद्य लागते. शेकडा १ प्रमाणे १ किलो ३५० ग्रॅम. थंडीच्या ६० दिवसांत हा फरक ८१ किलोंचा होतो. पैशाची ही बचत मोठीच. पण त्याहून मोठी गोष्ट ही की, ते ८१ किलो खाद्य माशाच्या पोटात न जाता तळाशी कुजले असते.

खाद्य पहाटे किंवा सूर्योदयास टाकू नये. त्या वेळी पाणी सर्वांत थंड आणि प्राणवायू सर्वांत कमी असतो. दहा-अकराच्या सुमारास, ऊन पाण्यावर चांगले स्थिरावल्यावर, एका टोपलीत खाद्य ठेवून ती दोरीने हातभर खोल सोडावी व दोन तासांनी उचलून पाहावी. टोपलीत काही उरले असेल तर दुसऱ्या दिवशी तेवढे कमी करावे. मासाच आपल्याला प्रमाण सांगतो. ते पाहण्याचे कष्ट मात्र घेतले पाहिजेत.

हिवाळी रोग

थंडीत माशाची रोगप्रतिकाराची शक्ती उणावते आणि बुरशीस फावते. अंगावर लाल चट्टे पडून पुढे खोल जखमा करणारा जो व्रणरोग, त्याचा शिरकाव हिंदुस्थानात १९८८ साली झाला व अल्पावधीत तो अनेक प्रांतांत पसरला. पाणी निवू लागते त्याच दिवसांत तो बहुधा उद्भवतो, आणि मरळ व मृगळ या तळाशी राहणाऱ्या जाती त्यास लवकर बळी पडतात.

यास प्रतिबंध हाच खरा उपाय. थंडी सुरू होण्यापूर्वी हेक्टरी १०० किलो या मानाने चुना पाण्यात कालवून, निववून, तळ्यावर सर्वत्र शिंपडावा. आपल्या उदाहरणातील तळ्यास तो ९ किलो लागेल. परंतु आधी पाण्याचा सामू तपासून घ्यावा. सांगलीकडील काळ्या जमिनीच्या पुष्कळ भागांत पाणी मूळचेच क्षारयुक्त असते, सामू ८.५ च्या वर असल्यास चुना घालणे हितावह नाही. चट्टे दिसूच लागले तर मेलेले व रोगट मासे काढून लांब पुरावेत, त्या तळ्यातील जाळे दुसऱ्या तळ्यात वाळविल्यावाचून नेऊ नये, आणि मत्स्यव्यवसाय खात्याच्या तालुक्यातील किंवा जिल्ह्यातील कचेरीत एक-दोन आजारी मासे बर्फात घालून दाखवावेत.

कारणावाचून जाळे ओढणे हेही रोगास आमंत्रण होय. उन्हाळ्यात खवला निघाला तर जखम लवकर भरते. थंडीत ती उघडी राहते व तिच्यावर कापसासारखी बुरशी चढते. म्हणून वाढ पाहण्यासाठी जाळे टाकावयाचे ते महिन्यातून एकदाच, आणि तेही भर दुपारी.

तळ्यातील व नदीतील पकड

आता पकडीविषयी. थंड देशांत ट्राउटचा गळ टाकणारे अनुभवी लोक कडक हिवाळ्यात पहाटे उठत नाहीत. ऊन चढल्यावर ते निघतात, खळाळ सोडून संथ व खोल डोह गाठतात, लहानसे आमिष तळाजवळ नेतात आणि ते अगदी हळू हलवितात. कारण निवलेला मासा भक्ष्यामागे धावत नाही. तोंडाशी आले तरच घेतो. हाच नियम आपल्या कृष्णेच्या, वारणेच्या आणि येरळेच्या डोहांतही चालतो. सकाळी दहापूर्वी गळ टाकून बसणे व्यर्थ आहे. अकरा ते चार ही वेळ उत्तम. सूर्याकडे तोंड असलेला, वाऱ्याच्या आडोशाचा काठ निवडावा. आमिष लहान असावे व तळापासून वीतभर वर राहील असे बांधावे. दुपारी काठावरील पाणी तापले की लहान मासा उथळात येतो व त्याच्या मागून शिंगाडा आणि मरळ येतात, हेही ध्यानात ठेवावे.

शेततळ्यात ओढजाळे लावताना त्याची तळाची दोरी वजनदार असावी, कारण मासा तळाशी बसलेला असतो व हलके जाळे त्याच्या डोक्यावरून निघून जाते. या ऋतूत मासा सुस्त असल्याने तो उड्या मारून जाळ्याबाहेर जात नाही, आणि थंड पाण्यात प्राणवायू अधिक असल्याने जिवंत मासळी बाजारापर्यंत नेणे सोपे जाते. विक्रीचा काळ मात्र पाहून ठरवावा. मार्गशीर्षात पुष्कळ घरी मत्स्याहार वर्ज्य असतो, तेव्हा गिऱ्हाईक कमी होते. जमल्यास पहिली काढणी कार्तिकात व दुसरी पौषानंतर करावी.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. ट्राउट शरद व हिवाळ्यात अंडी घालते, म्हणून हिमाचल प्रदेशात नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिच्या पकडीस बंदी असते. आपले कटला, रोहू व मृगळ पावसाळ्यात, पुराच्या पाण्यात अंडी घालतात; तेव्हा हिवाळ्यातील पकडीने वंशवृद्धीस बाध येत नाही. परंतु लहान आसाचे जाळे लावून पावसाळ्यात जन्मलेली पिलेच उचलली, तर हा लाभ फुकट जातो. महसीर जाळ्यात आल्यास तो जिवंत सोडावा असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली शास्त्रीय नाव दिलेला दख्खनी महसीर हा आपल्या कृष्णा-भीमेच्या खोऱ्याचाच मासा. तो इतका विरळ झाला की लोणावळ्याजवळ वळवण येथे त्याची कृत्रिम पैदास करून पिले पाण्यात सोडावी लागली. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतील पाण्यात पकड करू नये, आणि जलाशयांवर मच्छीमार सहकारी संस्थांचा ठेका असतो, त्यांची परवानगी घ्यावी.

नदीकाठच्या वाचकांस आणखी एक इशारा दिला पाहिजे. थंड पाणी कितीही प्राणवायू धरो, त्यात सडणारी घाण येऊन पडली की तो प्राणवायू तीच खाऊन टाकते. २०२३ सालच्या मार्च महिन्यात सांगलीजवळ अंकली येथे कृष्णेत मेलेल्या मासळीचा खच पडला होता, तो पुष्कळांनी पाहिला आहे. नदीचे पाणी उचलून शेततळे भरणाऱ्यांनी हिवाळा व उन्हाळा यांच्या संधीत, प्रवाह मंदावलेला असताना, पाण्याचा रंग व वास पाहिल्याशिवाय पंप चालू करू नये.

टिपण ठेवावे

या सर्व कामास साधन लागते ते एवढेच: एक साधा थर्मामीटर, एक सुतळी आणि एक वही. थर्मामीटरला वजन बांधून तो प्रथम हातभर व नंतर तळापर्यंत सोडावा. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटे ठेवून झटपट वर काढावा व आकडा लिहावा. सूर्योदयास एकदा व दुपारी तीन वाजता एकदा, असे दिवाळीपासून शिवरात्रीपर्यंत करावे. त्याच पानावर तळ्यातील पाण्याची खोली, दिलेले खाद्य, टोपलीत उरलेले खाद्य व मेलेले मासे यांची नोंद असावी. एकाच गावातील चार तळ्यांच्या अशा वह्या एकत्र बसून ताडून पाहिल्या, तर कोणाचे तळे का निवते, कोणाची पेंड का वाया जाते आणि कोणी मासळी केव्हा काढावी, हे त्या गावास दुसऱ्या कोणी सांगावे लागणार नाही.